मनुष्यव्यवहाराचें गणित व शेतकरी

कपाशीवर मावा कां पडतो, खोडव्यास खत केव्हां द्यावें, चोपण जमीन कशी सुधारावी, या प्रश्नांचा विचार या मासिकांत नेहमींच होत असतो. परंतु एका गांवांत नवें बियाणें चार वर्षांत घरोघर पोंचतें आणि शेजारच्याच गांवांत तें दहा वर्षें कोणी हातीं धरीत नाहीं. एका वर्षीं कांद्यास सोन्याचा भाव येतो आणि पुढच्याच वर्षीं तो बांधावर टाकून द्यावा लागतो. एका पाटावर पाण्याच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालतात आणि दुसऱ्यावर दर उन्हाळ्यांत डोकीं फुटतात. या गोष्टींचा उलगडा मातीच्या किंवा हवामानाच्या शास्त्रांत होत नाहीं. त्या माणसांच्या परस्परसंबंधांतून उत्पन्न होतात. या संबंधांचा हिशेब संगणकाच्या साह्यानें मांडण्याचें जें शास्त्र अलीकडे उदयास आलें आहे, त्यास संगणकीय समाजशास्त्र असें नांव आहे. त्याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असें आम्हांस दोन कारणांनीं वाटतें. या शास्त्रांतील कित्येक नामांकित शोध शेतकऱ्यांच्याच व्यवहारांवरून लागलेले आहेत, हें एक. आणि ज्या माहितीवर तें उभें राहतें ती माहिती आतां आपल्या शेतांतूनही, बहुधा आपल्याच हातांनीं, भरली जात आहे, हें दुसरें.

समाजाची मोजदाद करणें ही गोष्ट नवी नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवची पाहणी करून ती इ. स. १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. १७७१ सालीं त्या गांवांत खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१४-१५ सालीं ७ एकरांवर आली, हें त्यांनीं दाखवून दिलें. जमिनीच्या तुकड्यांविषयीं पुढें जी चर्चा झाली तींत हे आंकडे वारंवार आलेले आढळतात. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत, चिठ्ठ्या टाकाव्या तशा यदृच्छेनें निवडलेल्या शेतांत कापणीप्रयोग करून पिकाचा अंदाज बांधण्याची पद्धति देशांत रूढ करण्यास मोठा हातभार लावला. नजरेनें ठरविलेल्या आणेवारीपेक्षां मोजलेली कापणी बरी, हें तत्त्व आज पीकविम्यापर्यंत येऊन पोंचलें आहे.

या जुन्या पद्धति आजही टाकाऊ झालेल्या नाहींत. परंतु त्यांत मुख्यतः एकेक घर किंवा एकेक शेत सुटें मोजून त्यांची बेरीज व सरासरी काढली जाते. कोणाचें औत कोणाकडे जातें, अडीनडीस कोण कोणाचें दार ठोठावतो, कोणाचें पीक पाहून कोण आपलें ठरवितो, हे धागे बेरजेंत उमटत नाहींत. आणि गांवचें बरेंवाईट बहुधा याच धाग्यांवर अवलंबून असतें. संगणकामुळें दोन गोष्टी शक्य झाल्या. हजारों माणसांच्या परस्परसंबंधांचा हिशेब कांहीं क्षणांत करतां येऊं लागला. आणि मोबाइल, बँक, बाजार व उपग्रह यांच्या द्वारें माणसांच्या व्यवहारांच्या खुणा आपोआप सांठूं लागल्या. २००९ सालीं डेव्हिड लेझर व त्यांचे सहकारी यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक लेख लिहून या नव्या शास्त्राच्या नांवाचा व मर्यादांचा उच्चार केला, तेव्हांपासून तें नांव रूढ झालें. त्यांतील विचार मात्र बरेच जुने आहेत.

या शास्त्राचें पहिलें साधन म्हणजे प्रतिकृति. धरणाचा बांध घालण्यापूर्वीं इंजिनियर त्याचा लहान नमुना करून त्यावर पाणी सोडून पाहतो, तसाच हा माणसांच्या व्यवहाराचा कागदी नमुना होय. तो समजण्यास संगणकाचीही गरज नाहीं. आमच्या वाचकांनीं पेन्सिल घेऊन पुढील उदाहरण स्वतः करून पाहावें. एका लहानशा मुलखांत कांद्यास योग्य अशी शंभर एकर जमीन आहे असें समजूं. बाजारचा नियम असा धरूं कीं, कांदा मुळींच नसेल तर भाव क्विंटलला ४,००० रुपये, आणि कांद्याखालीं जाणाऱ्या प्रत्येक एकरामागें तो ४० रुपयांनीं उतरतो. लागवडीचा नियम असा धरूं कीं, गेल्या वर्षींच्या भावांतील दर ४० रुपयांमागें एक एकर लागवड होते. म्हणजे भाव जितका चढा तितकी लागवड अधिक. आतां गेल्या वर्षीं भाव २,४०० रुपये होता. तर यंदां ६० एकर लागवड होईल आणि भाव १,६०० वर येईल. तो भाव पाहून पुढील वर्षीं ४० एकरच लागवड होईल, आणि भाव पुन्हां २,४०० होईल. त्याच्या पुढील वर्षीं पुन्हां ६० एकर व १,६०० रुपये. पन्नास एकर लागवड आणि २,००० रुपये भाव हा या मुलखाचा समतोल आहे. परंतु तो त्यास कधींच सांपडत नाहीं. यांत कोणीही मूर्खपणा केलेला नाहीं, कोणी व्यापाऱ्यानें कट केलेला नाहीं, आणि पाऊसही चुकलेला नाहीं. प्रत्येकानें समोरचा भाव पाहून शहाणपणानें निर्णय घेतला आणि सर्वांचे शहाणे निर्णय एकत्र येऊन सर्वांचें नुकसान झालें.

आतां नियमांत एकच फरक करूं. लोक केवळ गेल्या वर्षींचा भाव न पाहतां गेल्या दोन वर्षांची सरासरी पाहतात असें धरूं. २,४०० आणि १,६०० हे दोन भाव होऊन गेल्यानंतर पुढील भाव अनुक्रमें २,०००, २,२००, १,९००, १,९५० आणि २,०७५ असे येतात. झोका हळूहळू लहान होत जातो आणि भाव समतोलाभोंवतीं स्थिरावतो. बाजाराविषयीं कोणाचें ज्ञान वाढलेलें नाहीं. प्रत्येकजण एक वर्ष अधिक मागें पाहूं लागला, इतकेंच. अमेरिकेंतील शेतकी अर्थशास्त्रज्ञ मॉर्डेकाय इझिकिएल यांनीं १९३८ सालीं हा पहिला झोका सविस्तर मांडला. आलेखावर काढला असतां तो कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून त्यास तेंच नांव पडलें. त्यांच्या काळीं सर्व शेतकरी एकाच नियमानें वागतात असें धरणें भाग होतें. आज संगणकांत दहा हजार शेतकरी मांडून प्रत्येकास वेगळी जमीन, वेगळें कर्ज, वेगळी चाळ आणि वेगळा स्वभाव देतां येतो, व वर्षामागून वर्ष पुढें सरकवून काय होतें तें पाहतां येतें. मात्र प्रतिकृतींत जें घातलें नाहीं तें तींतून निघत नाहीं, हें विसरूं नये. केंद्र सरकारनें ८ डिसेंबर २०२३ रोजीं कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्यें ती बंदी उठविली. असला हुकूम कोळ्याच्या कोणत्याही जाळ्यांत आधीं दिसत नाहीं. जो कोणी प्रतिकृतीवरून पुढील हंगामाचा भाव छातीठोकपणें सांगूं लागेल, त्याजवर आमचा तरी विश्वास बसणार नाहीं. झोका कां येतो, हें मात्र ती दाखवूं शकते.

आरंभीं आम्हीं दोन शेजारी गांवांचा उल्लेख केला. त्या कोड्याचें एक सुंदर उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७८ सालीं दिलें. त्याचें मूळ उदाहरण दंगलीचें आहे. आपण तें ठिबक सिंचनास लावून पाहूं. गांवांत शंभर शेतकरी आहेत. पहिला कोणाचेंही न पाहतां ठिबक बसवितो. दुसरा असा कीं, एकानें बसविलेलें पाहिल्यावर तो बसवितो. तिसऱ्यास दोघांचें पाहावें लागतें, चौथ्यास तिघांचें, आणि याप्रमाणें शंभराव्यास नव्याण्णवांचें. या गांवांत एकामागून एक असे शंभरही शेतकरी ठिबक बसवितील. आतां दुसरें गांव घेऊं. तें हुबेहूब तसेंच आहे, फक्त दुसरा शेतकरी जरा अधिक सावध असून त्यास एकाऐवजीं दोघांचें पाहावें लागतें. पहिला ठिबक बसवितो आणि गाडें तेथेंच थांबतें, शंभरांत एक. बाहेरून येणारा कृषिसहायक एका गांवास 'पुरोगामी' आणि दुसऱ्यास 'मागासलेलें' म्हणून मोकळा होतो. वस्तुतः दोन्ही गांवांच्या स्वभावाची सरासरी काढली तर ती जवळजवळ एकच भरेल.

ही केवळ कल्पना नव्हे, हें अमेरिकेंतील आयोवा संस्थानच्या मक्यानें आधींच दाखविलें होतें. ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनीं तेथील दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांस भेटून संकरित मक्याचें बियाणें कोणीं केव्हां घेतलें याची नोंद केली व ती १९४३ सालीं प्रसिद्ध केली. या बियाण्यानें उत्पन्न सुमारें पांचवा हिस्सा वाढत असे. पण तें घरचें राखून चालत नसे, दरवर्षीं विकत घ्यावें लागे. १९२८ पासून पहिल्या पांच वर्षांत शेंकडा दहाच शेतकऱ्यांनीं तें घेतलें. पुढील तीन वर्षांत हा आंकडा चाळीसांवर गेला, आणि १९४१ पर्यंत दोघांखेरीज बाकी सर्वांनीं तें स्वीकारलें होतें. बहुतेकांस नव्या बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून कळली. पण घेण्याचा निश्चय शेजाऱ्याचें शेत पाहून झाला. निश्चय झाल्यावरही बहुतेकांनीं आधीं एका लहान तुकड्यांतच तें पेरून पाहिलें. आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. नवल इतकेंच कीं, शेतकऱ्यास सदैव ठाऊक असलेली ही गोष्ट शास्त्रांत प्रथम शेतकऱ्यांकडूनच आली, आणि पुढें औषधांपासून मोबाइलपर्यंत सर्व नव्या वस्तूंच्या प्रसाराचा अभ्यास याच मक्याच्या वळणावर झाला.

मग असा प्रश्न येतो कीं, नवी गोष्ट गांवांत रुजवावयाची तर आधीं कोणास सांगावी? सरपंचास, मोठ्या बागायतदारास, कीं आणखी कोणास? अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं कर्नाटकांतील ७५ गांवांत घरोघर जाऊन लोकांस अगदीं साधे प्रश्न विचारले. तुम्ही कोणाच्या घरीं जातां? तांदूळ किंवा रॉकेल कमी पडलें तर कोणाकडे मागतां? पैसे कोणाकडून उसने घेतां? सल्ला कोणास विचारतां? देवळांत कोणाबरोबर जातां? या उत्तरांवरून प्रत्येक गांवाचें नात्यांचें जाळें काढण्यांत आलें. प्रत्येक घर म्हणजे एक गांठ आणि प्रत्येक देवघेव म्हणजे एक दोरा. पुढें यांपैकीं ४३ गांवांत एका संस्थेनें लघुकर्जाची योजना आणली आणि तिची बातमी प्रथम गांवांतील ठराविक प्रकारच्या पुढाऱ्यांस सांगितली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, ज्या गांवांत हे पहिले ऐकणारे जाळ्याच्या मध्यभागीं होते तेथें कर्ज घेणारे अधिक निघाले. मध्यभागीं असणें याचा अर्थ पुष्कळ ओळखी असणें इतकाच नव्हे. ज्यांच्याशीं ओळख आहे त्यांचीही ओळख दांडगी असावी लागते. याच मंडळींनीं पुढें दुसरा एक प्रयोग केला तो आम्हांस अधिक मनोरंजक वाटतो. सबंध जाळें काढण्यास फार वेळ व पैसा लागतो, म्हणून त्यांनीं लोकांस नुसतें विचारलें, 'गांवांत बातमी पसरवावयाची असेल तर कोणास सांगावी?' लोकांनीं जीं नांवें दिलीं तीं खरोखरच जाळ्याच्या मध्यभागचीं निघालीं, आणि गांवच्या मानकऱ्यांस सांगितलेल्या बातमीपेक्षां या लोकांस सांगितलेली बातमी दूरवर गेली. गांवास आपलें जाळें ठाऊक असतें. तें विचारण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाहीं.

परंतु बातमी पसरणें वेगळें आणि पद्धत बदलणें वेगळें. आफ्रिकेंतील मलावी देशांत मका खड्डे करून त्यांत लावण्याची पाणी धरून ठेवणारी एक रीत आहे. लोरी बीमन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील २०० गांवांत ही रीत प्रत्येकीं दोन शेतकऱ्यांस शिकविली. कांहीं गांवांत हे दोघे सरकारी कृषिसहायकानें नेहमींप्रमाणें निवडले. कांहीं गांवांत संगणकानें जाळ्याचा हिशेब करून निवडले. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, बहुतेक शेतकऱ्यांस एका ओळखीच्या माणसाचें उदाहरण पुरत नाहीं, निदान दोघांचें लागतें. म्हणून ज्यांच्या ओळखी एकमेकांत गुंतलेल्या आहेत असे दोघे निवडले असतां रीत अधिक पसरते. आपल्याकडे प्रात्यक्षिकाचे प्लॉट देतांना ते तालुकाभर एकेक असे विखरून देण्याची चाल आहे. न्याय्य दिसते खरी. पण प्रत्येक शेतकऱ्याच्या नजरेस एकच प्लॉट पडतो आणि तो 'त्याचें नशीब' म्हणून सोडून देतो. दोन-तीन प्लॉट जवळजवळ देऊन पाहावे, असें या प्रयोगावरून आम्हांस सुचवावेंसें वाटतें.

या शास्त्राचें आम्हांस सर्वांत आवडणारें उदाहरण इंडोनेशियांतील बाली बेटाचें आहे, आणि त्यावर आम्ही थोडा अधिक वेळ थांबणार आहों. बालींत ज्वालामुखी पर्वतांच्या उतारावर भाताचीं पायऱ्यापायऱ्यांचीं खाचरें आहेत. एका पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळास तेथें सुबक म्हणतात. अशीं अनेक सुबकें मिळून एका जलमंदिराशीं जोडलेलीं असतात, आणि कोणीं केव्हां पेरावें व केव्हां शेत मोकळें ठेवावें याचा निर्णय मंदिराच्या बैठकींत होतो. सर्वांत वर बातुर पर्वताच्या सरोवराचें मंदिर आहे. १९७० नंतर भाताच्या नव्या, लवकर येणाऱ्या जाति आल्या, आणि शक्य तितक्या वेळां, शक्य तितक्या लवकर पेरा असा सरकारी आग्रह सुरू झाला. मंदिरांचें वेळापत्रक हा धर्माचा भाग समजून बाजूस सारण्यांत आला. थोड्याच वर्षांत पाण्याच्या पाळ्यांचा गोंधळ झाला आणि तुडतुडे, उंदीर व रोग यांनीं पिकें फस्त होऊं लागलीं.

स्टीफन लान्सिंग हे मानववंशशास्त्रज्ञ व जेम्स क्रेमर हे पर्यावरणशास्त्रज्ञ यांनीं या कोड्यास संगणक लाविला. ओस व पेतानु या दोन नद्यांवरील १७२ सुबकें त्यांनीं प्रतिकृतींत मांडलीं. पाऊस, नदीचा प्रवाह, भाताची वाढ आणि किडीची वाढ यांचे नियम घातले. प्रश्नाचें मर्म असें आहे. जर सर्व सुबकांनीं एकदमच पेरलें तर एकदमच कापणी होते, मोठा मुलूख कांहीं काळ भाताविना राहतो आणि किडीस खावयास न मिळाल्यानें ती मरते. पण सर्वांस पाणी एकाच वेळीं लागल्यानें तें पुरत नाहीं. उलट प्रत्येकानें आपापल्या सोयीनें पेरलें तर पाणी पुरतें, पण किडीस बाराही महिने कोठें ना कोठें हिरवें भात सांपडतें. किती सुबकांनीं मिळून एका वेळीं पेरावें, या प्रश्नांत सर्व गोम आहे. प्रतिकृतींत निरनिराळ्या आकाराचे गट करून पाहतां, सर्वांत अधिक भात ज्या आकाराच्या गटांत निघालें ते आकार जवळजवळ जलमंदिरांच्या प्रत्यक्ष गटांसारखेच होते. मग त्यांनीं आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक सुबक स्वतंत्र आहे, आणि दर वर्षाअखेर तें आपल्या शेजाऱ्यांकडे पाहून ज्यास अधिक पीक आलें त्याचें वेळापत्रक उचलतें, एवढाच नियम त्यांनीं घातला. कोणी राजा नाहीं, कोणी इंजिनियर नाहीं. तरी थोड्याच वर्षांत संगणकांतील सुबकें आपोआप गटागटांनीं एकत्र पेरूं लागलीं आणि उत्पन्न वाढलें. हा अभ्यास १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. मंदिराची व्यवस्था वरून लादलेली नसून शेजाऱ्यांच्या अनुकरणांतून उगवूं शकते, हें त्यानें दाखविलें.

वरच्या अंगाचा शेतकरी खालच्यास पाणी कां सोडतो, याचेंही उत्तर यांत आहे. लान्सिंग यांनीं शेतकऱ्यांस किडीचें भय अधिक कीं पाणीटंचाईचें, असें विचारलें तेव्हां वरच्या अंगाच्या लोकांनीं कीड सांगितली व खालच्यांनीं पाणी. वरच्यानें पाणी सोडलें तरच खालचा त्याच्याबरोबर पेरूं शकतो, आणि बरोबर पेरलें तरच वरच्याच्या शेतावरची कीड मरते. म्हणजे वरच्याच्या औदार्याच्या पोटीं त्याचा स्वार्थही आहे. पांझरा व मोसम या नद्यांवरील फड पद्धति ज्या वाचकांनीं पाहिली आहे त्यांस हें ऐकून फारसें अपरिचित वाटणार नाहीं. तेथेंही एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें व पाटकऱ्यानें पाणी फिरवावयाचें, ही शिस्त शेतकऱ्यांनींच शेंकडों वर्षें चालविली. बालींतील सुबकांच्या भूप्रदेशास युनेस्कोनें २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून मान दिला. फडांच्या वांट्यास तसा मान आलेला नाहीं.

आतां तिसऱ्या साधनाकडे, म्हणजे व्यवहाराच्या आपोआप सांठणाऱ्या खुणांकडे वळूं. येथें मात्र आमचें मत जरा सावध आहे. मोबाइल आल्यानें शेतमालाचा भाव सुधारेल, असें सर्वत्र बोललें जातें. रॉबर्ट जेन्सन यांनीं उत्तर केरळच्या किनाऱ्यावरील तारलीच्या बाजारांचा १९९६ पासून २००१ पर्यंत दर आठवड्यास हिशेब ठेवला. त्या अवधींत तेथें मोबाइल आला. पूर्वीं एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि थोड्या अंतरावरील दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाइकें रिकाम्या हातीं परत जात. मोबाइल आल्यावर कोळी समुद्रांतूनच भाव विचारूं लागले. कोळ्यांचा नफा सुमारें शेंकडा ८ नीं वाढला, गिऱ्हाइकास मासळी सुमारें शेंकडा ४ नीं स्वस्त झाली, आणि नासाडी जवळजवळ थांबली. हा निष्कर्ष २००७ सालीं आला व जगभर गाजला. परंतु मार्सेल फाफशां व बार्ट मिन्टेन यांनीं आपल्या महाराष्ट्रांतील १०० गांवांत असाच प्रश्न तपासला. कांहीं शेतकऱ्यांस मोबाइलवर बाजारभाव व हवामान यांचे संदेश पुरविले, कांहींस पुरविले नाहींत. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, मिळालेल्या भावांत सरासरीनें दखल घेण्याजोगा फरक पडला नाहीं. आमच्या मतें कारण उघड आहे. होडीचें तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवितां येतें. टोमॅटोचा टेंपो भरून, आडत्याची उचल डोक्यावर घेऊन, शंभर मैलांवरच्या बाजाराकडे वळवितां येत नाहीं. भाव कळणें आणि भाव घेतां येणें यांत रस्ता, कर्ज व सांठवण हीं उभीं आहेत. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणीं उचलून लावणाऱ्यांनीं हीं दोन उदाहरणें शेजारीं ठेवून वाचावींत.

खुणांची मोठी रास म्हणजे सत्य, असाही एक भ्रम आहे. गूगल कंपनीनें २००८ सालीं लोक संगणकावर काय शोधतात यावरून अमेरिकेंतील फ्ल्यूच्या सांथीचा अंदाज बांधण्यास आरंभ केला. आरंभीं त्याचें कौतुक झालें. पण २०१२-१३ च्या हिंवाळ्यांत तो अंदाज डॉक्टरांकडील प्रत्यक्ष नोंदींच्या जवळजवळ दुप्पट निघाला. लोक आजारी पडल्यामुळेंच शोधतात असें नव्हे, बातम्या ऐकूनही शोधतात. याच्या उलट, जेथें खुणांना प्रत्यक्ष पाहणीची जोड दिली तेथें त्या उपयोगीं पडल्या आहेत. रुवांडा देशांत मोबाइलच्या वापराच्या नोंदी व थोड्या लोकांच्या प्रत्यक्ष मुलाखती यांचा मेळ घालून गरिबीचा अंदाज बांधतां येतो, असें २०१५ सालीं दिसून आलें. आणि टोगो देशानें २०२० च्या महामारींत अशा हिशेबाचा उपयोग करून गरजूंस मोबाइलवरच पैसे पाठविले. ज्याच्याजवळ मोबाइल नव्हता तो मात्र त्या हिशेबांत बसला नाहीं.

या शेवटच्या वाक्याचा संबंध थेट आपल्या दारांशीं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद खातेदारानें स्वतः मोबाइलवरून, शेतांत उभें राहून, छायाचित्रासह करावी अशी योजना झाली. पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांत पडून राहणारी माहिती आतां क्षणांत एका ठिकाणीं गोळा होते आणि तिजवर वर सांगितलेले सर्व हिशेब करतां येण्यासारखे आहेत. कोणत्या तालुक्यांत यंदां कांदा वाढला, हें लागवडीच्या वेळींच कळलें तर कोळ्याच्या जाळ्याचा झोका कमी करण्यास त्याचा उपयोग होऊं शकतो. अर्थात् ती बेरीज शेतकऱ्यांसही वेळेवर दाखविली गेली तरच. ती केवळ सरकारला व मोठ्या व्यापाऱ्यांना दिसली आणि शेतकऱ्यास दिसली नाहीं, तर आपलीच माहिती आपल्याविरुद्ध सौद्यांत वापरली जाण्याचा संभव आहे.

शिवाय या नोंदीचा पाया सातबारा आहे. वाटेकरी व खंडकरी जमीन कसतात, पण त्यांचें नांव तेथें बहुधा नसतें. निंदणी, वेंचणी व कापणीचें पुष्कळसें काम बायकांच्या हातून होतें. परंतु २०१५-१६ च्या शेतकी गणनेंत देशांतील वहितीच्या खात्यांपैकीं शेंकडा सुमारें १४ च खातीं स्त्रियांच्या नांवें होतीं. ज्याचें नांव खात्यावर नाहीं त्याची खूण हिशेबांत उमटत नाहीं, आणि ज्याची खूण नाहीं त्यास नुकसानभरपाईच्या वेळीं शोधावें कोठें हें कोणत्याही संगणकास कळत नाहीं. ही चूक यंत्राची नव्हे. ती मूळ कागदाची आहे, आणि यंत्र ती अधिक वेगानें पुढें नेतें.

म्हणून गांवांत कोणी पाहणीस आला, मग तो विद्यापीठाचा असो, कंपनीचा असो वा सरकारचा, तर त्यास तीन गोष्टी विचारण्याचा परिपाठ ठेवावा. ही माहिती कोणत्या कामासाठीं घेतां? ती आणखी कोणास देणार? आणि तिजवरून काढलेला निष्कर्ष आम्हांस केव्हां व कोणत्या भाषेंत कळविणार? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम व्यक्तीची संमति कशासाठीं घेतली तें स्पष्ट सांगावें असें म्हणतो. मात्र सरकारी अनुदान व लाभ देण्याच्या कामासाठीं त्यांत सरकारास वेगळी मुभा आहे, तेव्हां पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर कंपनीकडून कायद्यानें मागतां येईल, सरकारकडून ग्रामसभेंत मागावें लागेल. तिसऱ्या प्रश्नास कोणताच कायदा नाहीं. तो पाहणीपूर्वींच विचारून त्याचें उत्तर गांवानें कागदावर लिहून घ्यावें, आणि त्या कागदाची एक नक्कल सोसायटीच्या दप्तरीं ठेवावी.